ते जंगलात बोलायचे

आमच्या घरात बोलायचं खातं माझ्याकडे होतं आणि ऐकायचं आमच्या मिस्टरांकडे. ते खातं ते नीट चालवतात असं मला कधी वाटलं नाही. पेपर समोर, चष्मा नाकावर, आणि मी काही सांगितलं की 'हं'. अख्खा संसार त्या 'हं'वर निघाला. मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली तेव्हापासून तर भाजी चिरताना मी स्वतःशीच बोलायला लागले होते. शेजारीण विचारायची, पाहुणे आले का हो तुमच्याकडे? पाहुणे कसले, मी आणि कुकर.

रिटायर व्हायच्या थोडं आधी ह्यांना पाखरांचा नाद लागला. कॅमेरा आला, त्याला हातभर लांब लेन्स आली, दुर्बीण आली. महिन्यातून एकदा तरी पहाटे उठायचं आणि परतवाड्याच्या वर, मेळघाटात जायचं. चार जणांचा ग्रुप आणि तिकडचा एक ठरलेला गाईड. डबा मी करून द्यायची, सगळ्यांना पुरेल एवढा. परत आले की कपड्यांवर घाटातली धूळ आणि तोंडाला तेच कुलूप. काय पाहिलं विचारलं तर म्हणायचे, पाखरं. कोणती? असतात वेगवेगळी. एकदा मी म्हटलं, मलाही न्या की. तर म्हणे, तिथं बोलायचं नसतं. घ्या. म्हणजे मी कुठं जाऊ नये याला कारणही माझं तोंडच.

गेल्या पावसाळ्यात ते गेले. छातीत दुखतंय म्हणाले, मी रिक्षा बोलावली, आणि दवाखान्याच्या पायऱ्यांवरच सगळं आटोपलं. त्याबद्दल मी इथं जास्त लिहीत नाही. लिहिलं तर दुसरं काही लिहून होणार नाही.

थंडीत त्यांचा मित्र घरी आला. पूर्वी दोघं एकाच कचेरीत होते, पाखरांचा नादही ह्यांना त्यानंच लावलेला. रानपिंगळा पाहायला जायचं असं ग्रुपचं ह्यांच्या हयातीतच ठरलं होतं. वहिनी, त्यांची जागा रिकामी न्यायला जीवावर येतं, तुम्ही चला, असं तो म्हणाला. मुलगी फोनवर म्हणाली, जा आई, मन रमेल. मन रमवायला मी गेले नाही. घरी मुका बसणारा हा माणूस तिथं जाऊन काय करायचा, आणि तो माझ्यापासून पळून तिथं जायचा का, एवढंच मला पाहायचं होतं. यातलं दुसरं मी कुणालाच सांगितलं नाही.

अंधारातच अकोल्यातून निघालो. गाडीत मित्र, ग्रुपमधले आणखी दोघं आणि मी. दर्यापूर आलं तेव्हा फटफटलं होतं. ते माझं माहेर, पण आता तिथं हाक मारावी असं कुणी उरलेलं नाही. कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून रचलेल्या होत्या, काळं रान उघडं पडलं होतं. मागं बसलेल्यांपैकी एकजण सहज बोलून गेला की ते असते तर दर्यापूर येईपर्यंत हसून हसून पोट दुखलं असतं. मी विचारलं, कोण असते तर? मित्र म्हणाला, अहो वहिनी, आपलेच की. आणि मग परतवाड्याच्या चहापर्यंत तिघं आठवणी सांगत राहिले. हे एसटीच्या कंडक्टरची नक्कल करायचे म्हणे. जुन्या साहेबाची करायचे. घाटात गाडी बंद पडली तेव्हा ह्यांनी भाषण ठोकलं आणि ड्रायव्हर हसता हसता रस्त्यावर बसला. मी ऐकत होते. मुलीच्या लग्नाच्या अल्बममध्ये एकाही फोटोत हसायला न जमलेला माणूस, त्याच्याबद्दल हे बोलत होते. मला वाटलं माझी काहीतरी गफलत होतेय, दुसऱ्याच कुणाच्या तरी बायकोला चुकून गाडीत घातलंय.

गेटवर उघडी जिप्सी आणि गाईड उभे होते. गाईड तिथल्याच कोरकू वस्तीतला, काटक, कानाला मफलर गुंडाळलेला. मित्रानं माझी ओळख नुसती 'आमच्या वहिनी' अशी करून दिली. गाईडला मी त्या मित्राच्याच घरातली वाटले असणार. त्यानं मला पुढं बसवलं, अंगावर घ्यायला घोंगडी दिली. ह्यांच्याबद्दल त्यानं विचारलं नाही आणि मित्रानंही सांगितलं नाही. पुढं वेळ मिळेल तेव्हा सांगू, असं त्याच्या मनात असावं.

मग तासन् तास काहीही नाही. खरंच काहीही नाही. सागाची पानं किडीनं खाऊन जाळीदार झालेली, रस्त्याच्या धुळीनं पांढरी पडलेली. गाडी थांबायची, इंजिन बंद व्हायचं, सगळे माना वर करून कान लावायचे. रानपिंगळा म्हणजे मुठीएवढं घुबड, दिवसाढवळ्या फिरणारं. कितीतरी वर्षं ते कुणाला दिसलंच नव्हतं, संपलं असंच लोक समजून चालले होते, आणि मग ते पुन्हा सापडलं, असं मित्रानं कुजबुजत समजावलं. मी मान हलवली. थंडीनं माझं नाक गळत होतं, कंबर धरली होती. काय मिळत होतं बाई ह्यांना इथं? एकदा एक सुतार पक्षी दिसला, कॅमेरे खडखडले, गाडी पुढं गेली. घरी काय कमी थंडी होती?

दुपार व्हायच्या आत वनखात्याच्या चौकीपाशी थांबलो. तिथं उतरायला परवानगी असते. मी सवयीनं सगळ्यांपुरत्या पोळ्या, बेसन आणि ठेचा आणला होता. पेपर पसरून डबा उघडला. गाईड नुकताच टायरमध्ये अडकलेला दगड काढून आला होता आणि त्यानं तसाच पोळीला हात घातला. माझ्या तोंडून निघून गेलं, "हात धुतले का? टायरचे हात पोयीले लावता? धुवा आधी."

गाईड हसायला लागला. साधं नाही, पोट धरून. चौकीच्या ओट्यावर बसला आणि डोळे पुसत मित्राला म्हणाला, "वैनी बी भारी करते साहेबाच्या बायकोची नक्कल. पन साहेबासारखी नाही." आणि त्याच दमात, "साहेब काहून नाही आले आज?"

एकाच्या हातातला घास हातातच राहिला. मित्र जमिनीकडे पाहत होता. मला समजायला थोडा वेळ लागला, पण समजलं. मी त्या माणसाला सांगितलं, "मी नक्कल नाही करून राहिली. मीच ती बायको. अन् तुमचे साहेब पावसाळ्यात गेले."

तो उठून उभा राहिला. हसू चेहऱ्यावरून जायला वेळ लागतो, तसं ते हळूहळू गेलं. मग तो नळावर जाऊन हात धूत राहिला, पुन्हा पुन्हा, इकडे न बघता. मित्र समजूत काढायला लागला. दर खेपेला डबा उघडला की ते माझी नक्कल करायचे, ग्रुपची ती रीतच पडून गेली होती, पण प्रेमानं हो वहिनी, मनात काही नसायचं. मनात काही नसायचं! पहाटे उठून लाटलेल्या माझ्या पोळ्या हातात घेऊन चार बाप्ये माझ्यावरच हसायचे, आणि मी इकडे अकोल्यात घड्याळ बघत बसायची, घाटात गाडी नीट गेली असेल ना म्हणून. मी विचारलं, पोळ्या तरी चांगल्या लागायच्या ना? मी डबा त्यांच्यासमोर सरकवला आणि जिप्सीत जाऊन बसले.

दुपारनंतर तो पिंगळा सापडला. निष्पर्ण सागाच्या फांदीवर, आमच्याकडे पाठ करून. सगळ्यांचे कॅमेरे लागले. मित्रानं ह्यांची दुर्बीण माझ्या हातात दिली, मी ती डोळ्यांना लावली. पिंगळ्यानं मान फिरवून पाहिलं, पिवळे डोळे, शेपूट एकदा इकडे, एकदा तिकडे. मला काही वाटलं नाही. लोक कुठून कुठून येतात म्हणे त्याच्यासाठी. मी दुर्बीण खाली घेतली नाही ती यासाठी की तिच्यामागं रडलेलं कुणाला दिसत नव्हतं. लाज वाटत होती, संताप येत होता, आणि ज्याच्यावर तो काढायचा तो माणूस निघून गेला होता. नवरा माझा, पण त्याचं बोलणं, त्याचं हसणं या लोकांनी पाहिलेलं. मला काय मिळालं? धुवायचे कपडे.

संध्याकाळी गेटवर आलो. बाकीचे टपरीवर चहाला गेले, मी बाहेरच्या बाकावर बसून राहिले. गाईड आला, थोडा लांबच उभा राहिला आणि माफी मागायला लागला. साहेब गेल्याचं कुणी कळवलंच नाही, नाहीतर जीभ कापली असती पण असं बोललो नसतो, असं म्हणत होता. मी त्याला म्हटलं, ते राहू द्या. ते कशी करायचे ते करून दाखवा. तो मान हलवत मागं सरकला. मी म्हटलं, "मले पाहाचं हाय. चार लोकायनं पाहिलं, मी काहून नाही पाहू?"

त्यानं टपरीकडे एकदा पाहून घेतलं. मग कानाचा मफलर सोडून पदरासारखा डोक्यावरून घेतला, एक हात कमरेवर ठेवला, आणि त्याच्या तोंडून मी बोलायला लागले. "अहो, पानी घेतलं का? नाही घेतलं. मालूमच होतं मले. पाखरं काय पयून चालले का? ठेचा अलग ठेवला, पोयीले लागू देऊ नोका. गुडघा दुखून राहिला माया, पन सांगू कोनाले." शब्द माझे. आवाजातला चढ माझा. मधेच मी श्वास घ्यायला थांबते, ती जागासुद्धा माझी. आणि प्रत्येक वाक्यामागं तो हनुवटी खाली घालून घशातल्या घशात म्हणायचा, "हं." ते हुबेहूब ह्यांचं होतं. मी बाकाची कड घट्ट धरली. इतक्या महिन्यांनी मी ह्यांचा आवाज ऐकत होते.

तो थांबला. मी विचारलं, झालं? तो म्हणाला, अजून एक आहे, पण त्यावर कुणी हसत नव्हतं. मी म्हटलं, करा. त्यानं डोक्यावरचा मफलर काढला. कमरेवरचा हातही काढला. हळू आवाजात म्हणाला, "दिवसभर मी कोनासंग बोलू? भिंतीसंग?"

हे मी आयुष्यात एकदाच बोलले होते. मुलीला सासरी पोचवून आलो त्यानंतर काही दिवसांनी. हे जंगलात जायला निघाले होते, बूट घालत होते, आणि मी भांडून नाही, अगदी साधं, बारीक आवाजात विचारलं होतं. ह्यांनी नाडी बांधली, बॅग उचलली आणि गेले. 'हं'सुद्धा नाही. मला वाटलं होतं ऐकलंच नसेल.

गाईड सांगत होता, "एवढं बोलले का साहेब गप होऊन जात. अर्धा डबा तसाच झाकत अन् म्हनत, चला."

टपरीवरून मित्रानं 'चहा घेता का' म्हणून हाक मारली. मी उठले नाही. मी मोठ्यानंच बोलले, "एवढं सगळं ऐकलं होतं तुमी, तं एकदा तरी ओ द्याची होती."

गाईडला वाटलं मी त्यालाच बोलले. तो मान खाली घालून उभा राहिला.