राखेच्या विटा

ती ऑफिसात आली तेव्हा मला तिथे नऊ वर्षं झाली होती. भाईंदर पश्चिमेला एका आर्किटेक्टचं दोन खोल्यांचं ऑफिस होतं. लालबागची खोली सोडून आम्ही इकडे राहायला आलो, त्याच वर्षी मला तिथे ड्राफ्ट्समनची नोकरी लागली. ट्रेसिंगवर शाईची रेघ चुकली तर ब्लेडने ती इतकी अलगद खरवडायचे, की कागदाला डाग राहायचा नाही. सर आलेल्या प्रत्येकाला सांगायचे, "यांचा हात बघा."

मग ही आली. तेवीस वर्षांची, कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली. पहिल्याच आठवड्यात सरांच्या टेबलाशी उभी राहून ती एम्बॉडीड एनर्जी, थर्मल मास, ग्रे वॉटर असलं काय काय बोलत होती आणि सर चहा गार होईपर्यंत ऐकत होते. माझं पेन चालू होतं, पण कान तिकडेच होते. मी काही विचारायला गेले की सर म्हणायचे, "तिला विचारा ना, तिला माहितीय." मी तिला विचारलं नाही. दोन महिने एक शब्द विचारला नाही.

तिची एक निळी वही होती. ती जेवायला बाहेर गेली की मी डबा उघडा ठेवून ती वही वाचायचे. वहीत इंग्रजी शब्दांपुढे तिने तिच्यापुरता मराठी अर्थ लिहिला होता. एम्बॉडीड एनर्जी म्हणजे माती खणण्यापासून वीट साइटवर पडेपर्यंत जळलेला सगळा कोळसा नि डिझेल, तो त्या विटेच्या पोटात आहे असं धरायचं. ग्रे वॉटर म्हणजे गटाराचं नव्हे, आंघोळीचं नि धुण्याचं पाणी. ते केळीला घालता येतं. थर्मल मास म्हणजे भिंतीची ऊन सावकाश पिण्याची ताकद. सगळं मला पटकन समजलं, आणि समजलं म्हणूनच जास्त राग आला. एवढंच होतं होय? मग हे माझ्याकडे का नव्हतं?

एकदा तिने आपणहून विचारलं, "ताई, सस्टेनेबलला काय म्हणू या?"

"टिकाऊ," मी मान वर न करता म्हणाले.

"टिकाऊ तर चप्पलही असते. नंतर येणाऱ्यांनाही पुरलं पाहिजे, असा शब्द हवाय."

सर आतून हसले. ते तिच्या बोलण्याला हसले, की मला हसले, कुणास ठाऊक. ते हसू मला आठवडाभर पुरलं.

त्या वर्षी जवळच्या मुर्धा गावातल्या एका निवृत्त मास्तरांचं घर आमच्याकडे आलं. खाडी अगदी जवळ, हवेत मीठ. तिने फ्लाय अॅशच्या विटा सुचवल्या. वीजकेंद्रात कोळसा जळून उरलेल्या राखेच्या, भट्टीत न भाजता दाबून बनवलेल्या. पाणी कमी पितात, त्यामुळे लोणा, म्हणजे भिंतीतून फुटणारं मीठ, लवकर धरत नाही. मास्तरांना पटलं. पण घरात शब्द चालायचा तो त्यांच्या मोठ्या बहिणीचा.

नेमकी आमच्या ऑफिसातली ती मुलगी कावीळ होऊन घरी बसली आणि नकाशा दाखवायला सरांनी मला पाठवलं.

बहीण ओट्यावर सुकट निवडत बसली होती. नकाशा बाजूला सारून तिने विचारलं, "त्या राखेच्या इटा म्हनतान, ती राख कंची?"

मला उत्तर पाठ होतं. वहीतलं वाक्यन् वाक्य येत होतं. मी म्हणाले, "राख म्हणजे राखच हो."

तिचा हात थांबला. "मसनान अस्ते तशी?"

मी नकाशाची गुंडाळी केली.

"नवे घरान राख न्हाय," ती म्हणाली. मास्तर काहीतरी बोलायला गेले, पण तिने परत सुपलीत मान घातली. विषय संपला. परतताना एसटीत मला बरं वाटत होतं. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटत होतं.

ती बरी होऊन आली. विटा रद्द झाल्याचं कळल्यावर म्हणाली, "माझंच चुकलं ताई. राख हा शब्दच वापरायला नको होता. तुम्ही असताना मी आधी तुम्हाला विचारायला हवं होतं." मी चष्मा पुसत बसले. वर्षभराने ती पुढे शिकायला बंगलोरला गेली. जाताना ती निळी वही मला देऊन गेली. मी ती आधीच वाचलीय हे मी तिला सांगितलं नाही.

तीन पावसाळ्यांनंतर मास्तरांना वर एक खोली चढवायची होती, म्हणून मी पुन्हा मुर्ध्याला गेले. लाल विटांच्या भिंतीचं प्लॅस्टर कमरेएवढ्या उंचीपर्यंत फुगून सुटलं होतं. हात लावला की पांढरी भुकटी पडायची. बहीण म्हणाली, "दर वर्साला लावतो नि दर वर्साला गलून परतं."

तेव्हा मात्र मी सांगितलं. "त्या दिवशी मी तुम्हाला पुरतं सांगितलं नव्हतं. ती राख कोळशाची होती, वीज बनवतात तिथली. मला माहीत होतं."

ती म्हणाली, "मंग तवा का न्हाय बोल्लीस?"

मी बोटांना लागलेली पांढरी भुकटी पदराला पुसली. तिने पाट पुढे सरकवला. "बस. आता सांग सगलं."

मी सांगितलं. विटेच्या पोटातला कोळसा, ऊन पिणारी भिंत, केळीला जाणारं मोरीचं पाणी, सगळं सांगितलं. ती मध्ये मध्ये प्रश्न विचारत होती आणि ते सरांच्या प्रश्नांपेक्षा नेमके होते. वरची खोली राखेच्या विटांची झाली.

खोली बघायला सर स्वतः आले. त्यांनी भिंतीवर हात फिरवला, माझं सगळं बोलणं ऐकलं आणि खूश होऊन म्हणाले, "वा! हे सगळं कुठून शिकलात?"

त्या निळ्या वहीवालीचं नाव माझ्या जिभेवर होतं.

"वाचलं होतं कुठेतरी," मी म्हणाले.