कौल, पंखा आणि आत ठेवलेली जाळी

मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं. ‘पुरावा काय?’ हा प्रश्न मुलांना विचारून विचारून इतका अंगवळणी पडला, की देवासमोर हात जोडतानाही तो मनात हजर असायचा. त्यामुळे मला आलेल्या अनुभवाला कृपा म्हणावं की योगायोग, हे वाचणाऱ्यांनी ठरवावं. माझं मी ठरवलेलं आहे.

उन्हाळ्यात मंगलच्या, म्हणजे माझ्या पत्नीच्या, डाव्या मूत्रपिंडावर गाठ निघाली. ती कर्करोगाची असण्याचीच शक्यता जास्त होती. आमच्या बडोद्याच्या डॉक्टरबेन तरुण, बोलायला मोकळ्या. त्यांनी चित्र काढून समजावलं, की गाठ काढायची आणि मूत्रपिंड वाचवायचं. तिथून रक्त फार वाहतं, म्हणून कापलेल्या जागी रक्त थांबवणारी एक मऊ, कापसासारखी जाळी दाबून बसवायची. ती आतच राहते आणि सावकाश विरघळून जाते. मंगलला हे सगळं पटलं आणि घरी येताना ती रिक्षात आंब्यांच्या भावाबद्दल बोलत होती.

मला कुठलं पटायला! मी फोन घेऊन वाचत बसलो. ऑपरेशनात रक्त थांबवण्यासाठी आत ठेवलेल्या अशा पदार्थांचा, चुकून मागे राहिलेल्या गाठीच्या पेशींवर काय परिणाम होतो, याचा शोध संशोधक घेत आहेत असं त्यात होतं. काही पदार्थांपाशी पेशींची वाढ मंदावलेली दिसली. काहींपाशी ती उलट वाढत असेल की काय, अशी शंका होती. बरेचसे प्रयोग काचेच्या बशीतले आणि उंदरांवरचे, माणसाबद्दल ठाम काहीच नाही. वर्गात मी मुलांना हेच सांगितलं असतं, की बशीतलं सगळं माणसाला लागू पडत नाही. पण बशी दुसऱ्याची असते तेव्हा असं सांगणं सोपं जातं. माझ्या डोक्यात किडा शिरला. जाळी ठेवू नका म्हणावं, तर रक्त थांबणार कसं? ठेवा म्हणावं, आणि तिनंच गाठ पुन्हा वाढवली तर? जेवण जाईना, आणि मंगलला सांगायची हिंमतही होईना.

शेवटी मी देवीला कौल लावायचं ठरवलं. आमचे पूर्वज संस्थानच्या फौजेत शिपाई म्हणून बडोद्याला आले, तेव्हा पितळेची एक उभी देवी सोबत घेऊन आले होते. ती आज फतेगंजच्या आमच्या फ्लॅटमध्ये, फ्रिजशेजारच्या देव्हाऱ्यात असते. तिच्या दोन्ही खांद्यांवर शेवंतीची एकेक ओली पाकळी चिकटवायची आणि प्रश्न विचारायचा. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आणि कौल लागेपर्यंत पंखा बंद ठेवायचा, हा नियम घरात वीज आल्यावर आजोबांनी घातलेला.

मंगल भाजी आणायला गेली होती. मी पाकळ्या लावल्या, डोळे मिटले आणि विचारलं, “आई, जाळी ठेवू देऊ का?” मग वाट पाहत बसलो. बडोद्यातला मे महिना. मी घामानं निथळत होतो, आणि पाकळ्या काही हलायचं नाव घेत नव्हत्या. तेवढ्यात लॅच उघडल्याचा आवाज आला.

“अहो, हे काय, पंखा बंद करून बसलात? भोवळ येऊन पडायचात!” म्हणत मंगलनं एका हातात पिशवी धरूनच बटण दाबलं.

दोन्ही पाकळ्या एकदम उडाल्या. एक फ्रिजखाली गेली, दुसरी माझ्या चष्म्यावर येऊन बसली. मी ओरडलोच. तिला मात्र इतकं हसू आलं की पिशवीतल्या भेंड्या फरशीवर सांडल्या. हसू ओसरल्यावर तिनं विचारलं, “असं विचारत तरी काय होतात?”

मग मला सगळं सांगावं लागलं. ती ऐकत राहिली. म्हणाली, “म्हणजे फोनला विचारलंत, देवीला विचारलंत. पोट माझं आहे. मला कधी विचारणार होतात?”

मी देवीकडे पाहिलं. तिचे खांदे रिकामे होते आणि चेहरा नेहमीसारखाच प्रसन्न. पंख्यातून देवी बोलली, असं मी म्हणणार नाही. पण मी विचारलेला प्रश्न तिनं माझ्या हातातून काढून घेतला आणि ज्याचा त्याला देऊन टाकला, असं मला तेव्हा अगदी स्पष्ट वाटलं.

दुसऱ्या दिवशी मंगलनंच डॉक्टरबेनना विचारलं. त्या म्हणाल्या, “मासी, साचुं कहुं? पाकी खबर कोईने नथी.” मग त्यांनी सांगितलं, की रक्त थांबवणं तर भागच आहे. त्या लागेल तेवढीच जाळी ठेवतील, जास्तीची काढून घेतील आणि पुढे स्कॅनवर नजर ठेवतील. ‘माहीत नाही’ हे एका डॉक्टरच्या तोंडून ऐकून खरं तर मी हबकायला हवं होतं. झालं उलटंच, छातीवरचं ओझं उतरलं. मंगल म्हणाली, “बस, तो करी नाखो.” मग करून टाका, एवढंच.

ऑपरेशनच्या वेळी मी बाहेर बाकावर बसलो होतो. शेजारी एक अनोळखी गुजराती बाई, त्यांचेही यजमान आत. त्यांनी डबा उघडून एक ठेपला माझ्या हातात ठेवला. मी नको म्हणालो, तर म्हणाल्या, “खाई लो भाई. भगवानने एनुं काम करवा दो.” देवाचं काम देवाला करू देऊन मी मुकाट्यानं खाल्ला, आणि दुसरा मागून घेतला.

गाठ कर्करोगाचीच होती, पण पूर्ण निघाली होती. आम्ही आनंदात घरी आलो. गणपतीच्या सुमारास स्कॅन केला, तर नेमकी त्याच जागी एक सावली दिसली. बहुतेक न विरघळलेली जाळी असेल, डॉक्टरबेन म्हणाल्या, पण शपथेवर सांगता येत नाही. थोडे महिने थांबून पुन्हा पाहू. माझा किडा लगेच जागा झाला. मंगलला तो दिसला असावा, कारण रोज सकाळी मी पूजेला बसलो की ती येऊन पंखा जोरात लावायची. “विचारा आता काय विचारायचं ते!” निरांजन विझायचं, मग तीच ते आडोसा करून पुन्हा लावायची. भीती तिलाही होती. एकदा निरांजन लावायचं सोडून ती देवीकडे बघत बसली. मी तिचा हात धरला आणि दोघं तसेच बसून राहिलो. त्या दिवसापासून मी देवीला विचारणं थांबवलं. नुसतं म्हणायचो, आई, हिला सांभाळ.

थंडीत दुसरा स्कॅन झाला. डॉक्टरबेननी पडदा आमच्याकडे वळवला. सावली जवळजवळ विरून गेली होती. “जाळी ज हती, मासी!” ती जाळीच होती, म्हणून त्या आमच्याइतक्याच खूश होत्या. मंगलनं मला थेट सयाजीगंजला नेलं आणि सेव उसळ मागवली, वर जास्तीची तरी. माझ्या डोळ्यांना पाणी आलं ते तिखटानं, असं मी तिला सांगितलं. तिनं ते मानलं नाही.

स्कॅन अजून ठरावीक काळानं होत राहतील. संशोधकही शोधत राहतील, आणि त्यांना उत्तर मिळावं अशी माझी मनापासून इच्छा आहे. विचारायचं ते ज्याच्या त्याला विचारावं, करायचं ते करावं आणि उरेल ते देवीच्या पायाशी ठेवावं, एवढंच मी शिकलो. सेव उसळ खाल्ली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी देवीच्या दोन्ही खांद्यांवर पाकळ्या लावल्या. प्रश्न काहीच नव्हता. मंगलला हाक मारून समोर बसवलं, पाकळ्या झेलायला तिला ओंजळ पुढे करायला सांगितलं, आणि पंखा मीच लावला.