नातीने विचारलं, "परत येऊ का?"

मंडळी, आज दुपारी नातीचा जर्मनीहून फोन आला. शिकायला जाऊन आठवडाच झालाय. "आजी, मी बोलले की वर्गात हसतात. परत येऊ का?" "रात्री सांगते" म्हणून मी फोन ठेवला.

स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षी बाबांनी मला सौंदडहून गोंदियाच्या शाळेत आणलं. राहायचं मावशीकडे. घरी माझ्या लग्नाची बोलणी चालली होती. बाबा म्हणाले, "जमत नसंन तं शाळा सुटल्यावर सांग. माह्यासंगं वापस चाल."

वर्गात बाईंनी हिंदीत काहीतरी विचारलं. मी घाबरून गावच्या बोलीत म्हटलं, "काऊन जी?" म्हणजे 'का हो?'. सगळ्या मुली खदखदून हसल्या.

शाळा सुटली तेव्हा बाबा फाटकाशी उभे होते.

"राहतेस का वापस येतेस?"

परत गेले की बोहल्यावर चढवतील, हे मला पक्कं ठाऊक होतं. रडू दाबत म्हटलं, "राहतो."

ते वळून निघाले. हाक मारावीशी वाटत होती, पण मारली नाही. पुढे मी शिकले, शिक्षिका झाले.

सगळे म्हणतात, आजी धीराची. खरं सांगू? मला परतायची सोयच नव्हती. नातीला आहे. ती रात्री पुन्हा फोन करेल. तिला "थांब" म्हणू की "ये"?