वरून ओतलेलं पाणी

वर्गाच्या कोपऱ्यातल्या माठाकडे अजूनही मला सरळ बघवत नाही.

भेदभावाचा धडा होता. नुसतं वाचून काय कळणार, म्हणून मी सातवीतल्या अर्ध्या मुलांच्या मनगटांना पिवळ्या रिबिनी बांधल्या आणि सांगितलं, "आज पिवळ्यांनी माठाला हात लावायचा नाही. मी तांब्यानं ओतीन, ओंजळीनं प्यायचं." मुलांना गंमतच वाटली. कुणाच्या बाह्या भिजल्या, कुणाच्या नाकात पाणी गेलं. सगळा वर्ग खिदळत होता, मीसुद्धा.

मग सुरेखा आली. किंचित वाकली, कोपरं अंगापासून लांब धरली आणि ओंजळ ओठांशी नेली. एक थेंब सांडला नाही.

"छान जमलं की गं तुला!"

"सुट्टीत आईबरोबर मळ्यात कामाला जाते ना, बाई. तिथं आम्हाला असंच देतात."

खिदळणं थांबलं. माणसाचं अंग काय काय पाठ करून ठेवतं, असं मनाशी म्हणत मी खाली पाहिलं. माझ्या हातातला तांब्या तिच्या ओंजळीच्या चांगला वीतभर वर होता. बाकीच्या मुलांच्या बोटांना तो सारखा लागत होता. तिच्या वेळी तो वर कधी गेला, मला कळलंच नव्हतं.

तिला कळलं असणार.