देवाला वाहिलेले कागद

त्या रविवारी काकीने मला घड्या घालून केलेली कागदाची दऊत उलगडायला दिली. मी ती उलगडली. आत पत्र होते. ते मी लिहिले होते, काकीच्या मुलीला, आणि माझ्या वडिलांच्या हाती दिले होते.

काकी माझ्या नात्याची नव्हती. मी आठ वर्षांचा असताना वडील मला घेऊन रत्नागिरीकडून निघाले, तेव्हा ती आमच्याच जहाजात होती. आई माहेरी तापाने गेली, असे वडिलांनी मला मुंबईच्या धक्क्यावर सांगितले होते. मी विचारले, मग तिचा दहावा? ते म्हणाले, जहाजात कसला दहावा. मी पुन्हा विचारले नाही. समुद्रात मला उलट्या होत, तेव्हा काकी माझे डोके मांडीवर घेऊन बसे. ती विधवा होती आणि आपली एकुलती एक लेक सासरी ठेवून आली होती.

आम्ही समुद्रापलीकडच्या या बेटावर, मोंतान्य ब्लांशजवळच्या एका उसाच्या मळ्यावर आलो. वडील गाडीवान झाले. साखरेची पोती पोर्ट लुईसच्या धक्क्यावर पोहोचवायची, हे त्यांचे काम. गावी मी दोन वर्षे पंतोजींकडे शिकलो होतो, इथे पाद्र्यांच्या शाळेत गेलो, आणि पुढे मळ्याच्या कचेरीत लिहिण्याचे काम मिळाले. सगळ्या वस्तीत मराठी लिहिणारा मी एकटा. म्हणून देशी जाणारी पत्रे मीच लिहीत असे, आणि वडील ती बंदरावरच्या टपालात टाकत.

या बेटावर उन्हाळा मार्गशीर्षात सुरू होतो आणि पौष-माघात अंगाची काहिली होते. जन्म देशात गेलेल्या माणसांना हे कधी पटले नाही. वस्तीतला एक म्हातारा, त्याला आम्ही आजा म्हणायचो, तो दर वर्षी म्हणे, "हितं सूर्यपण करारावर आणलाय. मुकादम सांगंल तवा तापतो."

ज्यांच्या हातून आता कोयता चालत नसे, ते दुपारभर एका लांबट खोलीत दार लोटून बसत. बाहेर ऊन, नाहीतर वादळाचा पाऊस. नुसते बसून ती माणसे एकमेकांवर खेकसत. मग एका उन्हाळ्यात वडिलांनी त्यांना बंदरावरून जुना कागद आणून दिला आणि घड्या घालायला शिकवले. वडिलांच्या हातात ती कला होती. त्यांनी ती लहानपणी गावच्या देवळातली मखरे पाहून उचलली होती. होडी, पंखा, भिरभिरे, चार पाकळ्यांची दऊत. म्हाताऱ्यांनी पुढे स्वतःच्या वस्तू काढल्या. लिची, मासा, इथल्या रस्त्यांवर उन्हाळ्यात पेटणारी लाल फुले. हळदीच्या पाण्यात बुडवून आजा आंबे करायचा.

"ह्यो हापूस," तो म्हणायचा.

"हापूस कसला, रायवळ. बघ किती सुरकुतलाय," काकी म्हणे.

"सुरकुतला म्हंजे पिकला. तुज्याकडं बघून सांगतो."

ऊस तोडून बोटे वाकलेली. घडी दाबायला नख पुरत नसे, म्हणून ती कवडीने किंवा दातांनी दाबत. मी रविवारी जाऊन बसे आणि पुस्तक वाचत असल्याचे दाखवून त्यांचे बोलणे ऐके. त्या खोलीइतके सुख मला दुसरीकडे कुठे मिळाले नाही, आणि ते माझ्या वडिलांनी आणले होते, याचा मला अभिमान होता.

इतरांना देशातून उत्तरे यायची. उशिरा, पण यायची. काकीला पाच वर्षांत एकही आले नाही. तिच्यासाठी मी सहा पत्रे लिहिली. शेवटचे लिहून झाल्यावर ती म्हणाली, "ह्ये झालं की बास. मला लेक नाय." शिमग्याला बोंब मारतात ना, तशी ती त्या वर्षी लेकीच्या नावाने दारात उभी राहून बोंबलली. बायका हसल्या. मग कोणी हसेना.

तर तो रविवार. आठवडाभर वादळ झाले होते आणि काकीच्या देव्हाऱ्यावर छप्पर गळले होते. तिथे ठेवलेली दऊत भिजून बसली. ती माझ्या हातात देत काकी म्हणाली, "तुजी बोटं सरळ हायेत. उलगड नि पुन्यांदा घाल. देवाची हाय, खाली ठेवू नको."

वरची बाजू कोरी होती. आत शाई पसरली होती, तरी पहिली ओळ वाचता येत होती. चिरंजीव सौभाग्यवतीस अनेक आशीर्वाद.

"काय लिवलंय रे त्याच्यात?"

"मळ्याची जुनी यादी आहे," मी म्हणालो.

मी दऊत परत घडवली. हा कागद कुठून आला, असे सहज विचारले. ती म्हणाली, माझ्या वडिलांनीच तो वेगळा बांधून दिला होता. सांगितले होते, यातून देवासाठी करा, पायदळी जाऊ देऊ नका, आणि एकदा वाहिले की उलगडू नका.

वडील गोठ्यात खेचरांना पाणी पाजत होते. मी म्हणालो, "बा, काकीची पत्रं तुम्ही टाकली नाहीत."

त्यांनी बादली खाली ठेवली. "जाळली पण नाय," ते म्हणाले. "लिवलेला कागद जाळू नये. देवाला वाहिली."

त्यांना ते खरेच पुण्य वाटत होते. चुकून पाय लागला तर कागदाला नमस्कार करणारा माणूस. ती पत्रे चुलीत टाकली असती तर मला कधीच कळले नसते.

"बाकीच्यांची टाकलीत. तिचीच का नाही?"

"तिची लेक तुज्या आजोळच्या गावात दिलीय."

"मग? आजोळी आता कोण आहे?"

ते खेचराच्या मानेवर हात फिरवत राहिले. "तुजी आय," ते म्हणाले.

आई भांडून माहेरी गेली होती. त्यांनी मला शाळेतून उचलले आणि तसेच बंदर गाठले. मी म्हणालो, पत्र गेले असते तर ती काय समुद्र ओलांडून आली असती?

"ती नाय. तू गेला असतास."

दुसऱ्या दिवशी मी काकीला सांगितले. ती ओरडेल असे वाटले होते. तिने मला खोलीतून आणि देव्हाऱ्यावरून सगळ्या वस्तू गोळा करायला लावल्या. सहाही पत्रे सापडली. एकाचा मासा झाला होता, दोघांची फुले, बाकी तिघांच्या दौती. ती क्रमाने मोठ्याने वाच, असे तिने सांगितले. मी वाचली. आजा भिंतीकडे तोंड करून बसला होता. शेवटचे संपल्यावर ती म्हणाली, "लेकीला शिव्या घातल्या मी. भर शिमग्यात." मग माझ्याकडे वळून, "आणि काल मी इचारलं तवा तू काय सांगितलंस?"

"मळ्याची यादी."

"म्हंजे तूपण," ती म्हणाली.

मी रजा काढून बंदरावर चालत गेलो आणि दोन पत्रे स्वतः टाकली. एक काकीच्या मुलीला, एक आईला. सात महिन्यांनी एकच उत्तर आले, मुलीचे. तिला आपली आई जिवंत असल्याचे पहिल्यांदाच कळत होते. माझ्या आईविषयी तिने खाली चार ओळी कोणाकडून तरी लिहवून घेतल्या होत्या. माझी आई दर शिमग्याला तिच्या दारी येई आणि तुझ्या आईची काही खबर आली का, त्या जहाजात माझा मुलगा होता का, असे विचारी. दोन वर्षांपूर्वीच्या वैशाखात ती वारली.

मी त्या सहा जुन्या पत्रांवरच्या तिथ्या पाहिल्या. पहिली चार ती हयात असतानाची होती.

आठव्या वर्षी मी तिच्यासाठी रडलो होतो, जहाजात, काकीच्या मांडीवर. ते रडणे वडिलांनी पाहिले होते. त्यांनी तेव्हा माझ्या पाठीवरून हात फिरवला होता. मला इतर सगळे समजून घेता येते, भांडण, राग, एकट्याने म्हातारे होण्याची भीती. तो हात समजत नाही.

आता काकीला वर्षातून दोनदा पत्र येते. मी ते वाचून दाखवतो, ती उत्तर सांगते, मी लिहितो आणि बंदरावर स्वतः नेतो. त्यापलीकडे ती माझ्याशी बोलत नाही. वडिलांच्याने आता गाडी हाकवत नाही. दुपारी ते घरीच बसतात. आम्ही दोघे एकाच घरात राहतो. मी सकाळी भात करून ठेवतो आणि कचेरीत जातो.