तेलाचे हात आणि मऊ लेन्स

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. वाडीच्या नाटकात शेजारच्या मुलीला नायिकेचं काम मिळालं आणि माझ्या जिवाची स्वस्थता गेली. रत्नागिरीत माझं चष्म्याचं दुकान. शिक्षण चौथी, पण माझ्या कामाला कुणी नावं ठेवलेली नाहीत. मुलीचा चष्मा बाटलीच्या बुडासारखा जाड. तो घालून नायिका कशी होणार? काढला तर रंगमंचाची कड दिसेना. डॉक्टरांनी डोळे तपासून कडक लेन्स लिहून दिल्या, त्या मी मुंबईहून मागवल्या. त्या टोचायला लागल्या. तालमीत हसायच्या प्रवेशातसुद्धा डोळ्यांना धारा. पोरं ओरडायची, "अगो, अजून कोण मेलं नाय! तिसऱ्या अंकात रड!"

मग मी हट्टाने मऊ लेन्स मागवल्या. थोडे दिवस बरे गेले. चैत्र तोंडावर आला आणि डोळे परत लाल. डॉक्टर म्हणाले, "काही डोळ्यांना लेन्स सोसत नाहीत." नाटक बसवणारा दुसरी मुलगी बघायला लागला. शेजारची पोर दुकानात येऊन लाल डोळे दाखवून गेली.

मला जेवण गोड लागेना. संध्याकाळी तडक तिच्या घरी गेलो. काजूचा हंगाम सुरू झालेला, पडवीत मायलेकी ओल्या काजूबिया सोलत होत्या. चिकाने कातडी भाजते, म्हणून हात खोबरेलाने माखलेले.

"काका, बघा तरी कशी झोंबते ती," म्हणत ती उठली, फडक्याला हात पुसले आणि लेन्सची डबी उघडली. रोज हे ती आत आरशापुढे करायची.

"गो, ते चिकाचे हात डोळ्यात घालतेस?" आई किंचाळली. मग माझ्याकडे वळली, "आणि भाऊजी, तुम्ही नुसत्या काचा बदलत बसलात?"

"काचेत खोट नाही, हे मी पहिल्यापासून सांगतोय," मी म्हटलं.

डॉक्टरांनी डोळ्यांना विश्रांती द्यायला सांगितली. जुन्या मऊ लेन्समध्ये चीक मुरलेला, म्हणून नाटक बसवणाऱ्याला थांबायला लावून मी नवी जोडी मागवली. काजूला हात लावायचा नाही आणि साबणाने हात धुतल्याशिवाय डबी उघडायची नाही, असं तिला बजावलं. जोडी नाटकाच्या आदल्या दिवशी आली, तोवर मी एसटी स्टँडवर किती खेपा घातल्या कोण जाणे.

नाटकात पुढच्याच खुर्चीत बसलो. पहिले दोन अंक डोळे कोरडे. तिसऱ्यात तिच्या गालावर पाणी आलं आणि मी अर्धा उठलो. हे नाटकातलं की माझ्या लेन्सचं? मागून कुणी सदरा ओढून बसवलं.

पडदा पडल्यावर ती धावत आली. "काका, समोर बसून माझ्या डोळ्यांत काय बघत होतात? सगळं स्वच्छ दिसत होतं मला. तुमचं तोंड बघून वाक्यच विसरणार होते!"