राधाचा उजवा हात

दुर्गदबैलाच्या बाजारातल्या कापडवाल्यांच्या घरातली शालिनी लग्न होऊन उणकलला आली आणि पुढच्या खोलीत तिनं पार्लर थाटलं. सासूबाई नाक मुरडायच्या, पण बायका यायच्या. मॅनिक्युअर करून घेताना घडीभर कुणी त्यांना हाक मारत नसे, त्याचंच त्यांना अप्रूप.

राधा मात्र एकाच हाताचं करून घ्यायची. लहानपणच्या तापात तिचा डावा हात लुळा पडला होता. शालिनी तो कोमट पाण्यात ठेवी, नखं घासून, क्रीम चोळून लाल रंग लावी. उजवा हात पदराखालीच असायचा.

"तो पण करू की गं," शालिनी एकदा म्हणाली.

"नको शालूताई. तो अक्का करते, माझी थोरली बहीण. डाव्याला हात लावला की रडू येतं तिला."

पुढं राधा आजारी पडली. तिचा भाऊ पुंडलिक बोलवायला आला. "ताप उतरंना, तरी हात करून पाहिजे म्हणतीय."

वाटेत शालिनीनं विचारलं, "अक्का आहेत ना जवळ?"

"अक्का?" पुंडलिक थबकला. "ती वारून किती वर्षं झाली की! घरात आम्ही दोघंच."

भर दुपार होती. राधा पलंगावर टेकून बसली होती. उजव्या बाजूला रिकामी खुर्ची, आणि राधाचा उजवा हात तिकडं लांबवलेला, कुणीतरी खालून तोलून धरल्यासारखा. नखं लालभडक. शालिनीनं अंगठ्याच्या नखाला बोट लावलं. रंग ओला होता.

डावा हात पांघरुणावर निपचित पडला होता.

"अण्णा, तुम्ही लावलात?" तिनं पुंडलिकला विचारलं.

"मी? मला वाटायचं, दोन्ही हात तुम्हीच करता."

"वाळेपर्यंत हलू नको म्हणालीय अक्का," राधा हळूच म्हणाली.

शालिनीला पिशवी उचलून पळावंसं वाटलं. पण राधा खांद्यानं रेटून डावा हात तिच्याकडं सरकवू लागली होती. शालिनी पलंगाच्या डाव्या कडेला बसली, पाणी मागवलं आणि मान खाली घालून नखं घासू लागली. समोर, खुर्चीच्या बाजूला, कुणीतरी हुंदका गिळला. राधा डोळे मिटून हसत होती.

राधा बरी झाली. त्यानंतर शालिनी दर महिन्याला तिच्या घरीच जायची. पुंडलिकला तिनं त्या हुंदक्याचं काही सांगितलं नाही. फक्त जाताना शेजारच्या दुर्गव्वाला बरोबर न्यायची आणि दारातच बसवायची.